मॅगपायचे गुरुजी

सन १८२६. ऑस्ट्रेलियाकडच्या होबार्ट गावात बेकरीपुढच्या रांगेत चर्चचे ऑर्गनवादक पेंगेली मास्तर टोपी पुढे ओढून उभे होते. पुढच्या दोघींच्या हातात त्यांचंच नाव छापलेला पेपर होता.

“ऐक टॅम्सिन, ऐक! म्हणे, ‘इथल्या पाखरांच्या गळ्यात मुळात सूरच नाही. पेंगेली मास्तरांचं नवं भजन ऐकून ऐकून मॅगपाय पक्षी सुरात आला.’”

“मग? गातोच की तो ते भजन, किझाया.”

“अगं, मास्तर विलायतेच्या बोटीतून इथं उतरायच्या आधीपासून माझ्या कुंपणावर बसून तो हेच गातोय!”

“म्हणजे मास्तरांनीच...”

“चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पाखराची चाल ढापायची आणि वर त्याचेच गुरुजी म्हणून मिरवायचं!”

“हळू बोल गं. देवाचं भजन आहे ते.”

“देवाचं असेल. मास्तरांचं नाही!”

“थांब, छपरावर आलाच बघ तो. हं, हेच भजन. पण हे पुढचं काय गातोय? चर्चमध्ये तर हे कधी ऐकलं नाही.”

“कसं ऐकशील? तेवढं ढापायचं राहिलंय ना!”

रांग पुढे सरकली. मास्तर मात्र छपराकडे मान वर करून जागीच उभे राहिले, आणि त्यांचा हात खिशातली पेन्सिल चाचपू लागला.