वजन बघून घेतलेला लॅपटॉप

तुम्हाला हसू येईल, पण आमच्या ह्यांनी नातीला लॅपटॉप घेतला तो वजन बघून. जन्मभर मार्केटात गोण्या उचललेला माणूस. दुकानात एकेक लॅपटॉप हातावर तोलला आणि सगळ्यात जड निवडला. म्हणाले, "हलक्यात काय माल असणार?"

सायलीने तो पाठीवर टाकून सानपाड्याहून अख्खं कॉलेज केलं. खांदा दुखायचा, पण आजोबांना कधी बोलली नाही.

आता हे नाहीत. यंदा खंडेनवमीला तिने लॅपटॉपची पूजा मांडली, तर तांब्या कलंडून पाणी बटणांतून आत गेलं. आम्ही दोघींनी दुकानात नेला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ह्याच्यावर खर्च नका करू. नवीन घ्या."

सायली हटून बसली. "आजोबांनी घेतलाय. हाच दुरुस्त करायचा."

मी म्हटलं, "पोरी, तुझे आजोबा माल पोचला की गोणी उतरवायचे. पाठीवर घेऊन घरी नाही यायचे. तुझं कॉलेज झालं, नोकरी लागली. माल पोचला त्यांचा. उतरव आता."

तिने लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला. मग दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "दादा, तुमच्याकडे सगळ्यात हलका कुठला?"