आप्पांच्या गाडीचा नवा पंप

अरे, त्या गाडीचं नाव काढलं की अजून मेहुणीच्या लग्नाची सकाळ आठवते. माझे सासरे, आप्पा, यांची ती गाडी माझ्याहून वयानं मोठी. उन्हात इंजिन तापलं की पेट्रोल पुढे जायचं नाही आणि गाडी भररस्त्यात बंद पडायची. मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो, प्रत्येक गोष्टीला उपाय असतो असं वाटायचं. मेहुणीच्या लग्नाआधी मी हट्टानं गाडीला विजेवर चालणारा फ्युएल पंप बसवून घेतला.

लग्नाच्या सकाळी आप्पा चालवत होते, मी शेजारी, मागे नवरी. स्वारगेटच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं, पण पंपाची टकटक चालूच राहिली. त्याचा जोर जुन्या कार्बोरेटरला झेपेना. पेट्रोलचा भपकारा आला, खाली धार लागली, आणि तेवढ्यात शेजारच्या स्कूटरवाल्यानं तोंडात सिगारेट धरून काडेपेटी काढली.

"अहो, विझवा ती!" मी ओरडलो.

"अजून पेटवलीच नाहीये," तो म्हणाला.

"मग पेटवू नका! पेट्रोल सांडतंय!"

त्यानं खाली पाहिलं आणि स्कूटर तिथंच टाकून पळाला. मी किल्ली फिरवली, तेव्हा कुठे टकटक थांबली. मेहुणी शालू सावरत उतरली. तिला रिक्षात बसवून पुढे पाठवलं, नंतर मुहूर्त कसाबसा गाठला गेला.

गाडी कडेला ढकलून दुसऱ्या रिक्षाची वाट बघत आम्ही दोघं मागे उरलो. आप्पांनी घाम पुसला.

"जावईबापू, पूर्वी ही बंद पडली की आपल्याला फक्त उशीर व्हायचा."