निपाणी स्वस्त की बनशंकरी

निपाणी बेंगळुरूपेक्षा खरोखर स्वस्त आहे का, आणि असेल तर ती कोणासाठी स्वस्त आहे, हा प्रश्न सोडवण्यासाठी आम्ही दोघे नवरा-बायको गेल्या वर्षी निपाणीत भाड्याच्या दोन खोल्या घेऊन दोन महिने राहिलो. उत्तरावर आमचे पुढचे सगळे दिवस अवलंबून होते, कारण हे निवृत्त झाले होते, यांचे म्हणणे होते गावी परत जावे आणि माझे म्हणणे होते जाऊ नये. तुम्ही लिहून घेत आहात म्हणून क्रमाने सांगते. मध्ये मी इकडेतिकडे गेले तर थांबवू नका, मी आपोआप मूळ मुद्द्यावर येते.

माझे नाव शोभा. माहेर निपाणीजवळच्या खेड्यातले, वडील मराठी शाळेत शिक्षक, घरातच भिंतीवर एक फळा. बाजारातून वांगी आली की वडील आम्हा भावंडांना विचारत, पावशेर एवढ्याला तर किलो केवढ्याला, आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय वांगी चुलीवर चढत नसत. आई म्हणायची, अहो, पोरांना भूक लागलीय, वडील म्हणायचे, म्हणूनच लवकर सांगतील. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, अशा दोन्ही भाषा आम्हाला शिकवल्याशिवाय आल्या. मी गावच्या बालवाडीत थोडे दिवस शिकवले, मग लग्न झाले. हे मूळचे निपाणीचे, पण बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर, म्हणून मी बेंगळुरूला आले. आधी के. आर. पुरमला रेल्वे स्टेशनजवळ एका खोलीत राहिलो, आणि लेक शाळेत जायला लागली तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला आलो ते आजपर्यंत इथेच.

लेक मोठी झाल्यावर मला एक काम मिळाले, ते तुम्हाला नीट समजावून सांगितले पाहिजे. महागाई किती वाढली हे बातम्यांत सांगतात ना, ते कोणीतरी दुकानात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. ते विचारणाऱ्यांपैकी मी एक. दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचे आणि तूरडाळ, तेल, साबण, दूध, भाजी, यांचे दर टिपून आणायचे. पहिला नियम असा की वस्तू तीच हवी, प्रत तीच हवी, वजन तेच हवे. बिस्किटांचा पुडा तोच, किंमत तीच, पण आत दोन बिस्किटे कमी झाली, तर गिऱ्हाईक म्हणते दर वाढला नाही आणि आम्ही म्हणतो वाढला. दुसरा नियम असा की ओळखीचा दर घ्यायचा नाही, अनोळखी गिऱ्हाइकाला जो सांगतात तो घ्यायचा.

हा दुसरा नियम फार अवघड, काय सांगू तुम्हाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंजुनाथ अण्णाचे किराणा दुकान आहे. मी विचारले, अण्णा, तूरडाळ कशी, की तो म्हणणार, अक्का, तुम्हाला स्वल्प कमी करतो. मी म्हणायची, सरी, म्हणजे बरं, पण मला माझा दर नको, मागे त्या बाई उभ्या आहेत ना, त्यांना काय सांगशील ते सांग. एकदा त्या बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, म्हणजे यांना कमी आणि मला जास्त? मंजुनाथने कपाळाला हात लावला, म्हणाला, अक्का, तुम्ही दर घ्यायला येता की माझे दुकान बंद पाडायला? तरी त्याने पुढच्या महिन्यात दर खराच सांगितला, हळू आवाजात, माझ्या कानाशी वाकून.

आता एक गोष्ट मध्येच सांगते, ती पुढे लागणार आहे. सीमाभागातून इथे आलेल्या आमच्यासारख्या घरांत एक पोते असते. गावी गेलो की परत येताना ते आपोआप बरोबर येते, मागावे लागत नाही. आमचे पोते माझी धाकटी जाऊ सुनंदा भरते, म्हणजे आमच्या दिनकर भावजींची बायको: शाळूची ज्वारी, शेंगदाणे, गुळाची ढेप आणि वर्षाची चटणी, आमच्याकडे तिखटाला चटणीच म्हणतात. पोत्याचे तोंड ती दाभणाने सुतळी घालून शिवते, आणि टाके इतके घट्ट की इथे सोडवताना यांची पक्कड लागते. इथल्या मॅजेस्टिक बस स्टँडवर उतरलो की रिक्षावाला आधी पोत्याकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि मग भाडे सांगतो. इतकी वर्षे आमच्या घरात गूळ दुकानातून आला नाही. मंजुनाथ चिडवतो, अक्का, माझ्या गुळात काय विष आहे काय?

तर हे निवृत्त झाले, त्याच सुमाराला घरमालकांनी भाडे वाढवायचे म्हटले, आणि यांनी विषय काढला. म्हणाले, गावी जाऊ, तिकडे निम्म्यात भागेल. मी म्हटले, निम्म्यात हे कोणी मोजले? म्हणाले, मोजायचं काय त्यात, निपाणीत कोथिंबिरीची जुडी लोक अशीच पिशवीत टाकतात. मी म्हटले, अशीच टाकलेल्या जुडीला दर नसतो, ती हिशोबात धरता येत नाही. तर म्हणाले, मग तू हिशोब खा, मी कोथिंबीर खातो. असे आमचे रोज चालले होते. लेक पुण्याला असते, तिला फोन केला तर म्हणाली, आई, तुमचं तुम्ही ठरवा, पण भांडण तेवढं मला ऐकवू नका.

खरे सांगायचे तर मला इथून निघायचे नव्हते. दुकाने माझी, वाटा माझ्या, सकाळी देवळाकडच्या रस्त्याला फुले विकणाऱ्या बायका मला नावाने हाक मारतात. पण हे कारण यांच्यापुढे ठेवायला मला संकोच वाटला, म्हणून मी दराचे कारण पुढे केले. यांना समजावले की स्वस्त असणे वेगळे आणि महागाई कमी असणे वेगळे. एका गावात नारळ दहाचा बारा झाला आणि दुसऱ्या गावात वीसचा बावीस झाला, तर पहिले गाव अजूनही स्वस्तच आहे, पण महागाई तिथे दुप्पट वेगाने वाढली. आज स्वस्त म्हणून गेलो आणि तिकडचा वेग जास्त निघाला तर? यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, बाई, तू शाळा घे, मी घंटा वाजवतो, पण आपण एकदा राहूनच बघू. तसे ठरले. बनशंकरीतल्या आधीच्या दोन महिन्यांचा खर्च एका बाजूला आणि निपाणीतल्या दोन महिन्यांचा दुसऱ्या बाजूला, ज्याची बाजू खरी ठरेल त्याचे ऐकायचे.

निपाणीला पोचलो त्या दिवशी सुनंदा खोलीवर आली, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाली, ताई, स्वतःचं घर सोडून भाड्यानं का राहतायसा? मी म्हटले, अगं, तुमच्याकडे राहिलो तर खर्च कसा कळणार, आम्ही मोजायला आलोय. ती बरं म्हणाली आणि गेली.

मी कामाला लागले. अनोळखी बाईसारखी बाजारात जायची, पदर डोक्यावरून ओढून, कारण तिकडे ओळखी फार. दूध स्वस्त, भाजी स्वस्त, घरभाडे दोनच महिन्यांसाठी म्हणून चढे लावले तरी कमी. डाळीत विशेष फरक नाही. साबणावर छापलेली किंमत इथेही तीच आणि तिथेही तीच. पण आम्ही इतकी वर्षे बेंगळुरूत काढली, त्याने आमचे तोंड बदलले होते. यांना सोना मसुरी तांदळाचाच भात लागतो, तो तिकडे महाग. चिकोरी घातलेली कॉफीची पूड लागते, ती एकाच दुकानात आणि तीही जुनी. यांच्या रक्तदाबाचे डॉक्टर कोल्हापूरला, म्हणजे बसभाडे आले. आणि गूळ, शाळू, शेंगदाणे, चटणी, हे सगळे दुकानातून, कारण पोते आले नाही.

हो, पोते आले नाही. आम्ही दोनदा सुनंदाकडे जेवायला गेलो, तिने पोळ्या वाढल्या, गप्पा झाल्या, निघताना पान दिले, बाकी काही नाही. त्यांच्या उंबऱ्यापासून आमची खोली हाकेच्या अंतरावर, आणि जे पोते रात्रभर बसमधून बेंगळुरूला यायचे ते एवढा रस्ता ओलांडून आले नाही. हे दुकानातला गूळ फोडायचे, खडा नाकाशी धरायचे आणि परत ठेवून द्यायचे. एकदा म्हणाले, दिनकरच्या घरी नवा गूळ आला असंल. मी म्हटले, असेल. सुनंदाकडून मागून आणू असे मला म्हणता येत नव्हते, कारण बिनदराची वस्तू हिशोबात धरायची नाही हे मीच सांगितले होते.

दोन महिने संपले आणि बेरीज केली. निपाणी बनशंकरीपेक्षा कमी निघाली, पण इतकी थोडी की त्यासाठी घर हलवावे असे कोणी म्हणणार नाही. मी जिंकले. यांनी बेरीज वाचली, चष्मा काढला, म्हणाले, तुझं बरोबर आहे, राहू बेंगळुरूतच. एवढेच. यांचा तो आवाज ऐकून मला जिंकल्याचे काही वाटले नाही.

निघायच्या दिवशी बस स्टँडवर भावजी आणि सुनंदा आले. भावजींच्या खांद्यावर पोते. तोंड शिवलेले, तेच घट्ट टाके. मी बघतच राहिले. न राहवून म्हटले, सुनंदा, अगं, हे आत्ता? दोन महिने आम्ही दुकानातून आणत होतो. तर ती म्हणाली, काय म्हणाली ते जसेच्या तसे सांगते, ताई, तुम्ही मोजाय आलाय म्हणालासा नव्हं, मग मी मधीच पोतं दिलं आसतं तर तुमचं गणित बिघडलं नसतं व्हय? तुम्ही आलासा त्याच्या दुसऱ्या दिवशीच भरून ठेवलंय. रोज जाता-येता त्याला बघत हुते. आता मोजून झालं, आता न्या.

भावजी म्हणाले, वैनी, दोन महिने हिनं मला त्या गुळाला हात लावू दिला नाही.

हे खोखो हसायला लागले. मी हसले नाही, कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की माझा पहिला नियम मीच मोडला होता. वस्तू तीच हवी. बनशंकरीच्या बाजूला गूळ, शाळू, शेंगदाणे, चटणी यांच्यापुढे काहीच नव्हते, कारण ते पोत्यातून येत होते. निपाणीच्या बाजूला तेच सगळे दुकानाच्या दराने चढले होते. म्हणजे इतकी वर्षे बेंगळुरूत राहून आम्ही निपाणीचे खात होतो, आणि निपाणीत येऊन मात्र विकतचे खाल्ले. जी दुकानदाराला अनोळखी गिऱ्हाइकाचा दर सांगायला लावते, तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातले पोते पाहिले नाही.

बस लागली होती. मी सुनंदाला विचारले, आम्ही इथेच राहायला आलो तर मग दर वर्षी पोते देशील का गं? तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, पोतं कशाला, ताई? राहाय आल्यावर वाटी घिऊन या की, रोज.

बस तुमकुरू ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात बेरीज परत करत होते. हे झोपले आहेत असे मला वाटले होते, पण ते जागे होते. मी म्हटले, बेरीज चुकली आहे. म्हणाले, किती? मी म्हटले, ते सांगता येत नाही, पण आपण जाऊ या निपाणीला. म्हणाले, आणि तुझी फुलवाली, तुझा मंजुनाथ? मी म्हटले, त्यांना भेटायला येऊ, आणि येताना पोते आणू. मग हे खरेच झोपले.

घरमालकांना सांगून झाले आहे. खोके भरत आहे, तुम्ही बसला आहात ते शेवटचे उघडे स्टूल. काल मंजुनाथकडे शेवटचा किराणा घ्यायला गेले, तर त्याने कॉफीच्या पुडीची दोन पाकिटे पिशवीत टाकली आणि पैसे घेईना. मी म्हटले, अण्णा, मागच्या बाईंना काय दर सांगशील? तो म्हणाला, अक्का, आज मागे कोणी नाही, बघा. मी वळून बघितले, खरेच कोणी नव्हते. त्याचे दुकान भरभराटीला येवो.

माझे उत्तर आमच्या घरापुरते आहे, ते तुम्ही तसेच घेऊ नका. दोन गावांत एकच वस्तू, एकच प्रत, एकच वजन घ्या आणि अनोळखी होऊन दर विचारा. मग घरात परत या आणि विकत न आणलेले काय काय आहे ते शोधा. हे तुम्ही स्वतः करून बघा, आणि माझे कुठे चुकत असेल तर निपाणीला येऊन सांगा. येताना वाटी आणायची गरज नाही, आमच्याकडे असेल.