चौथ्या भाषेतलं नाव

नाही नाही, त्या फलकावर हात नका ठेवू — काच बसवा, काच बसवा म्हणून तीन वर्षं घसा कोरडा केला, पण इथे ऐकतो कोण — तर काय सांगत होतो? हां, गावाचं नाव. ही पहिली ओळ नावाड्यांच्या भाषेतली, 'होड्या बांधायची जागा'. छातीठोकपणे सांगतात ते. दुसरी उत्तरेकडून आलेल्या व्यापाऱ्यांची. त्यांना या नावात मीठ दिसतं, कारण मिठाशिवाय त्यांना इथे दुसरं काही दिसलंच नाही. तिसरी राज्य करणाऱ्यांची — त्यांनी आपली कुठलीशी राणी पुढे केली. राणी जन्मायच्या तीनशे वर्षं आधीच्या दगडावर हेच नाव कोरलेलं सापडलं, तरी हटले नाहीत. म्हणाले, दगड खोटा! आता बोला. ज्याला विचारावं त्याच्याच घरात हे नाव जन्मलेलं. आणि ही चौथी, सगळ्यात जुन्या भाषेतली, 'जिथे पाणी मागे वळतं'. ही सगळ्यांची लाडकी. शाळेच्या पुस्तकात हीच, पुलाच्या कमानीवर हीच, लग्न ठरलेली जोडपी हिच्याचपुढे उभी राहून फोटो काढतात. तुम्हीही मघापासून हिच्याचपाशी उभ्या आहात.

मूळ शब्द? कसले मूळ शब्द — अहो बाई, अर्थ दिलाय की! लोकांना अर्थच हवा असतो. डॉक्टरांनाही तेच हवं होतं. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, भाषेचे — तो वरचा फोटो, हसतायत बघा, जसं काही गावाचं बारसं यांनीच केलं. मी त्यांचा कारकून. उन्हातान्हात दारोदार हिंडून म्हाताऱ्या माणसांना नावांचे अर्थ विचारायचं कोणी? मी. पुस्तकावर नाव कोणाचं? ते सोडा. पण शिस्त होती हां त्यांची. एका माणसाचं एक कार्ड. ऐकलेलं आधी पेन्सिलीने कच्च्या कागदावर, आवाज जसा कानावर पडेल तसा, मग कार्डावर शाईने एका ओळीत अर्थ, आणि कार्ड झालं की कच्चा कागद फाडायचा. का, तर मागाहून वाद नको! आठ दिवसांनी त्याच माणसाला पुन्हा विचारायचं, उत्तर जुळलं तर कोपऱ्यात लाल खूण. लाल खूण नसलेलं कार्ड ते चारचौघांत वाचून दाखवायचे — माझं नाव घेऊन. 'आमचे कारकून काय ऐकून आलेत बघा.' हसायचे सगळे. मीही हसायचो, करतो काय.

काय म्हणालात? नात? तिची — ही चौथी भाषा बोलायची त्या नदीपलीकडच्या म्हातारीची? मग आधी नाही का सांगायचं! बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. म्हणजे तुमचे वडील ते होडीवर जाणारे... त्यांना येत होती भाषा. तुम्हाला नाही शिकवली ना? नाहीच शिकवणार. ती भाषा बोललं की शाळेत पोरं चिडवायची, दुकानदार आधी दुसऱ्यांना माल द्यायचा, मी पाहिलंय. म्हणून आता आजीचे शब्द शोधत आलात होय. बरोबर आहे, दुसरीकडे कुठे असणार ते? बोलणारी ती शेवटचीच, आणि ऐकायला फक्त मीच गेलो होतो.

गेलो होतो हां! लोक म्हणतात मी गेलोच नाही, घरी बसून कार्ड भरलं — साफ खोटं. गेलो, ओट्यावर बसलो, तिने पाणी दिलं. तुमचे वडील घरी नव्हते, चार दिवस येणार नव्हते, म्हणजे मधे समजावून सांगणारं कोणी नाही. मी गावाकडे बोट दाखवलं, खुणेने विचारलं, हे काय? आणि ती जी बोलायला लागली, बाई, पाऊण तास! मी लिहितोय आणि ती बोलतेय. चार कागद भरले दोन्ही बाजूंनी. अक्षर न् अक्षर उतरवलं, त्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अर्थ? शून्य. आणि सोमवारी पुस्तक छापायला जायचं, डॉक्टर दारातच उभे — 'काय म्हणाली? एका ओळीत सांगा.' एका ओळीत! म्हणायला हवं होतं की कळलं नाही, थांबा आठवडाभर. पण ते तोंड, ते हसणं... परत येताना नावेतून भोवरा दिसला होता, तेवढंच डोळ्यांपुढे होतं. म्हणालो, जिथे पाणी मागे वळतं. डॉक्टरांनी मला मिठी मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा! मग मी बसून कार्ड केलं, लाल खूणही त्याच दिवशी करून टाकली, आणि...

कागद? फाडले. नियमच होता तो. रागाने नाही, घाबरून नाही, रोज फाडायचो तसेच फाडले, चार तुकडे करून टोपलीत. हात आपोआप चालला. त्याच हिवाळ्यात तुमची आजी गेली. डॉक्टरही गेले, त्यांना शेवटपर्यंत ती ओळ खरीच वाटली.

रडू नकोस पोरी. मला बघवत नाही. ऐक, एक सांगतो, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या पाऊण तासात आपण म्हणतो ते हे नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. एकदाही नाही! होड्यांचं, मिठाचं, राणीचं, कोणाचंच नाही. ती दुसराच एक शब्द म्हणत होती, गावाकडे हात करून, पुन्हा पुन्हा, मी नीट लिहावा म्हणून थांबून थांबून. वीसेक वेळा तरी लिहिला असेल मी तो.

नाही. नाही आठवत. रोज इथे बसून आठवून बघतो, नाही येत. असं बघू नकोस माझ्याकडे — ऊठ, मला खोली बंद करायची आहे. जा.