अक्काच्या साबणाची पोच

मंडळी, माझा आवाज बारीक. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, लाजू नका — लाजायचं काम मी करतो! आधी एक प्रश्न. कुणी मायेनं वस्तू पाठवली, आपण ठेवून घेतली आणि पोच दिलीच नाही — तर ती वस्तू पोचली का हो?

बरं, ऐका तर.

त्र्यंबकराव मोघे. तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल. पुस्तकांशी गप्पा, माणसांसमोर तोंडाला कुलूप! त्यांच्या घरच्या टेबलाच्या खणात सात वर्षं एक पत्र पडून होतं. थोरल्या बहिणीचं, अक्काचं, धामणखोरीहून आलेलं. सोबत कापडात गुंडाळलेली साबणाची वडी.

पत्रात काय? "त्र्यंबक, थंडीत तुझे हात फुटतात, रक्त येतं. म्हणून शेळीच्या दुधाचा साबण केला. जन्मात पहिल्यांदा! कॉस्टिक सोडा टाकला तर दूध एकदम तापलं आणि पांढऱ्याचं तांबूस झालं. वास असा की आपली चांदी शेळी दावं ताणून लांब जाऊन उभी राहिली! वाटलं, ओतून द्यावं. पण खोबरेल घातलं आणि घट्ट होईतो ढवळत राहिले. मनगटावर शिंतोडा उडाला, तेवढं भाजलं. वापरून बघ. वाईट असला तरी कळव. तू सांगशील तसा पुढचा घाणा करीन."

त्र्यंबकरावांनी वडी हुंगली. नवसागरासारखा उग्र वास! तुम्ही काय केलं असतं? हात धुऊन बघितले असते! आणि हा माणूस — पुस्तक काढून बसला! पुस्तकात सापडलं : दूध आधी बर्फासारखं गोठवायचं, नाहीतर सोड्यानं करपतं.

झालं! "अक्का, साबण छान झाला" — छे, खोटं. "अक्का, दूध करपलं" — छे, तिचं मनगट भाजलंय. चार कागद फाडले. मग उद्या लिहू. मग संक्रांत झाल्यावर. मग इतके दिवस गेले, की लिहायचीच लाज!

हसता काय? तुमच्या खणात काहीच नाही?

सात वर्षांनी अक्काची शेजारीण रखमा काही कामासाठी तालुक्याला आली, ती त्र्यंबकरावांच्या घरी डोकावली.

"अक्का बरी आहे ना?"

"बऱ्या म्हणायच्या. डोळे गेले, काका. चांदी विकली."

"आणि... साबण?"

"तो एकदाच केला हो! मी म्हटलं, परत करू या, मी ढवळते. तर म्हणाल्या, नको गं. वाईट झाला असणार, म्हणून पोरगं बोललं नाही. भिडस्त आहे तो. कशाला अडचणीत टाकू?"

मंडळी, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं! तिनं यालाच सांभाळून घेतलं!

रखमा गेली. त्र्यंबकरावांनी वडी काढली, हुंगली — वास नाही! धावत पुस्तक काढलं. तेच पान. उलटलं. मागे लिहिलेलं : साबण वाळला की महिना-दीड महिन्यात हा वास उडून जातो.

पान उलटायचं राहिलं होतं हो!

हात धुतले. सायीसारखा फेस. भेगांना जरासुद्धा झोंबला नाही. आणि हा सत्तरीचा माणूस मोरीत उभा राहून रडला.

आता पत्र लिहावं? अक्काला दिसणार नाही. रखमा वाचेल, पण अक्का म्हणेल, भिडेनं लिहिलंय! सात वर्षांनी आलेल्या गोड शब्दांवर कोण विश्वास ठेवील?

तेव्हा त्र्यंबकरावांनी काय केलं? महिनाभर रोज त्याच साबणानं हात धुतले, अंघोळ केली. वडी झिजली, पातळ झाली. मधे बोटांचा खळगा पडला. डोळे गेले तरी अक्काची बोटं आहेत ना? त्या खळग्यात फिरतील. त्यांना कळेल.

पण चांदी परत येणार नाही. सात वर्षांचे घाणे ढवळायचे राहिले, ते राहिलेच. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, तो बोलत नाही, आपण रागावत नाही. माणूस मात्र वाट बघतो हो! घरी गेलात की आपापला खण उघडा. चांगलं वाक्य सुचेल म्हणून थांबू नका, मोडकं पाठवा. मी हे कुणाला सांगतोय, माझं मला माहीत.

त्र्यंबकरावांनी झिजलेली वडी अक्काच्याच कापडात गुंडाळली आणि पोस्टात गेले.

कारकुनानं पुडकं हलवून पाहिलं. "आजोबा, आत काय?"

"पत्राचं उत्तर."

कारकुनानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.