बर्फाची मशीन, पुढची का मागची

तेच तर सांगून राहिलो काकाजी, दोन्ही बर्फाच्याच मशिनी आहेत, गवताच्या नाही. हे समोर मोठं लाल तोंड दिसते नं, त्यातून बर्फ आत ओढल्या जाते अन् वरच्या या नळकांड्यातून दूर फेकल्या जाते. ही मिनी ट्रॅक्टरच्या पुढं लागते, अन् ती लिंबाखाली ठेवली ती मागं — हात नका लावू, नका लावू म्हटलं नं, मे महिन्याचं लोखंड आहे, फोड येईल. बर्फाच्या मशीननं हात भाजला म्हणून डॉक्टरले सांगान तर तो हसंल. आता दुसरा कोणी असता तर त्यानं पहिले हेच विचारलं असतं, कामठी रोडवर बर्फाची मशीन काहून? तर पहाडातल्या एका हॉटेलवाल्यानं आमच्या ताराचंद सेठले नमुन्याच्या दोन बनवायले सांगितल्या, पाहून एक घेतो म्हणे, अन् मग फोनच उचलणं बंद केलं. तेव्हापासून पडून आहेत. मागचीच्या नळकांड्यात चिमणीनं घर केलं. पण तुम्ही ते विचारलंच नाही. जो येते तो पहिले हसते. तुम्ही हसले नाही, सीधे म्हणाले, पुढची घ्यावी का मागची? तुमाले कुठं लागला बर्फ? — पाहुण्याचं हॉटेल? मनालीले? असंल. ट्रॅक्टर कोणता आहे त्यांचा? — माहीत नाही. किती हॉर्सपॉवरचा? — ते बी माहीत नाही. बरं. असू द्या. आमाले काय, आमचं काम दाखवायचं.

इकडून या, इकडं सावली आहे. नाही, तिकडून नाही, माझ्या या हाताकडून. तर पाहा, मागची लावायले एकदम सोपी. तीन ठिकाणी अडकवली, शाफ्ट जोडला, झालं. काढली की त्याच जागी नांगर लावा, काही लावा. पुढचीले खालून ढाचा बसवा लागते, पोटाखालून शाफ्ट न्यावा लागते, एकदा लावली की काढायचा कंटाळा येते. सेठ म्हणते, कोणी आलं तर मागची खपव. पण मी खोटं नाही बोलत काकाजी, मले जमतच नाही, मावशी म्हणते त्याच्यानंच माझं काही होत नाही — ते जाऊ द्या. मागची म्हणजे उलटा ट्रॅक्टर चालवणं. मान मागं पिळून बसा, सारं आंगण संपेपर्यंत. पुढची असली की माणूस सीधा बसते, समोर काय आहे ते दिसते. बर्फ मी पाहिला नाही बापा, मोबाइलवर पाहिला. पण ट्रायल आम्ही घेतली. कामठीच्या लूमवरचा खराब कापूस बोरे भरून आणला, पाणी मारलं अन् या आंगणात पसरवला. पुढचीनं असा फेकला, असा फेकला, की समोरच्या ढाब्यावाल्याच्या कढईत गेला. तो कापसाची भजी घेऊन भांडायले आला! — आता हसले तुम्ही. हसता येते म्हणजे तुमाले.

तुम्ही पुन्हा तिकडं गेले. काहून जी, इथं ऊन लागते का? अन् आत्ता काही बोलले का? ओठ हलल्यासारखे वाटले. — नाही? बरं. मशीनकडं पाहून बोलले असान. मागचीची ट्रायल? घेतली नं. मीच होतो ट्रॅक्टरवर. उलटं घेऊन राहिलो होतो, मान उजवीकडं पिळलेली, अन् गोविंदा, आमचा वेल्डर, तो या डाव्या बाजूनं ओरडून राहिला थांब गा, थांब गा, अन् मागं सेठची नवीन स्कूटर उभी. गेली मशीनच्या तोंडात. इंजिनचा आवाज होता नं काकाजी. गोविंदाले तर रस्त्यावरच्या लोकायनं बी ऐकलं म्हणते, पण — म्हणजे — इंजिनवर बसलेल्याले कसं ऐकू येईन? कोणालेच नसतं आलं. मागचीले हेच आहे, कोणीतरी ओरडा लागते अन् चालवणाऱ्याले ऐकू या लागते. माझ्यासारख्याले ती मशीन नाही.

माझ्यासारख्याले म्हणजे काय, काही नाही. तुम्ही असे काहून पाहून राहिले?

नाही, एक गोष्ट सांगा. आल्या आल्या तुम्ही मले जय भीम म्हटलं. मी बी म्हटलं, तोंडात असतेच. पण बोर्डावर नाव ताराचंद सेठचं आहे, मग तुमाले कसं समजलं? अन् मघा मले संघपाल म्हटलं. इथं सारे पाल्या म्हणते, सेठपासून ढाब्यावाल्यापर्यंत. चपलेवर ही राख कोराडीच्या वीजघराची आहे नं? अन् पुढची घ्यावी का मागची — हा सवाल मले आयुष्यात एकाच माणसानं विचारला होता. पोरगी पाहायले गेलो त्या दिवशी, पोह्याच्या वेळी या मशिनीची गोष्ट निघाली तेव्हा. अन् मी मूर्खासारखा म्हटलं, दोन्ही चांगल्या. — मामा आहे नं तुम्ही मेघाचे? पाहायच्या दिवशी सारे होते, मामा तेवढे नव्हते. चौकशी करायले आले. करा. पोरीच्या घरचे करतेच, करायलेच पायजे. पण मनालीचं हॉटेल काहून उभं केलं? चहा पिऊन सीधं विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?

आता सारखे डावीकडं जाऊन हळू बोलता, ते बी समजलं मले. कोणी तरी सांगितलं असंल तुमाले. हाव, नाही येत ऐकू. लहानपणी ताप आला अन् हा डावा कान गेला. सर फळ्याकडं तोंड करून शिकवत, मी उभाच राही, ते म्हणत पोरगं उद्धट आहे, उत्तर देत नाही. नववीत सोडून दिली शाळा. शोभामावशी म्हणे, लग्न जमेपर्यंत तोंड उघडू नको, तिथं गेलो की मी तुले बरोबर बाजूनं बसवीन. बसवलं बी. पण तिथं काय, तुमच्या दाजींच्या घरी त्या दिवशी फ्यूज उडालेला! वीज बनवायच्या कामावरचा माणूस अन् घरात अंधार, सारे हसून राहिले, मावशी पेपरनं वारा घेऊन राहिली. त्या गडबडीत खुर्च्या हलल्या, अन् तुमची मेघा येऊन बसली ती याच डाव्या बाजूले. काही तरी बोलली. मी मान हलवली. पुन्हा बोलली, मी पुन्हा मान हलवली. मग ती उठलीच. दुसरीकडं जाऊन बसली. मशिनीचा सवाल तिनं तिथून विचारला, तो आला ऐकू. पण माझं मन तिथंच मेलं होतं, म्हटलं आवडलो नाही आपण, बाजूले बी बसवत नाही तिले. घरी येता येता मावशी म्हणे, तसं नाही गा, तिले कूलरचा वारा लागत होता म्हणून उठली.

जाऊ द्या. आता तुमाले समजलं, तुम्ही सांगान. सांगा. लपवायले सांगितलं होतं, माझ्यानं होत नव्हतं, बरं झालं. तिले म्हणा, त्या दिवशी उत्तर चुकलं, पुढची चांगली. अन् मले मागची कधीच जमणार नाही, हे बी म्हणा. जा आता मामा, सेठ येतीन, गिऱ्हाईक नाही अन् गप्पा काहून म्हणतीन. जय भीम.

काय? ऐकू नाही आलं, इकडून — हां, बोला. — कूलर? हाव जी, कूलरच्या वाऱ्यानं उठली म्हणे, मावशीच म्हणाली, उठून या उजव्या बाजूले येऊन —

थांबा. लाइट कुठं होती?

फ्यूज उडाला होता नं. कूलर तर बंद होता.

मामा, मग ती माझ्या चांगल्या कानाच्या बाजूले —