डोरेक अजून गुहेतच आहे

आम्रपाली : आई, डोरेक मेलाय. तिसऱ्या भागात, सतराव्या प्रकरणात. मी स्वतः तुला वाचून दाखवलंय.

नंदा : हळू बोल. खिडकी उघडी आहे.

आम्रपाली : मग काल स्टॉपवर द्वारकामावशी मला विचारतात, ‘डोरेकचा पाय बरा झाला का गं?’ कुठला पाय?

नंदा : डावा.

आम्रपाली : आई!

नंदा : ओरडू नकोस, सांगते. तू रात्री मला ती इंग्रजी पुस्तकं मराठीत करून वाचून दाखवतेस, मी दुसऱ्या दिवशी डेअरीत डबा खाताना बायकांना सांगते. तोवर एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. पण त्या दिवशी द्वारका कामावर परत आलेली. तिच्या योगेशला जाऊन महिनाही झाला नव्हता. सतरा वर्षांचं पोर, तापाचं निमित्त झालं. डबा उघडून नुसती बसली होती. म्हणाली, ‘नंदे, सांग पुढचं.’ आणि पुढे काय, तर निवाचा धाकटा भाऊ डोरेक बहिणीच्या मांडीवर जीव सोडतो! मग म्हटलं, बाण पायाला लागला.

आम्रपाली : आणि हे दीड वर्ष?

नंदा : गुहेत ठेवलाय. एक धनगर म्हातारी झाडपाला लावते त्याला.

आम्रपाली : पुस्तकात धनगर म्हातारी नाहीच आहे!

नंदा : नसेना का. बायकांना फार आवडते ती. ललिता तर निवापेक्षा तिचीच जास्त चौकशी करते.

आम्रपाली : अगं, मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करते. एक ओळ बदलली की पुढे दहा ठिकाणी फुटतं. चौथ्या भागात निवा त्याच्या नावानं नदीत दिवा सोडते. तिथं काय केलंस?

नंदा : बरा व्हावा म्हणून सोडला.

आम्रपाली : आणि राजा तिला म्हणतो, ‘तुझं आता कुणी उरलं नाही’?

नंदा : त्याला काय ठाऊक पोरगं गुहेत आहे! ते गुपित आहे ना.

आम्रपाली : बाई गं! बसतंय की सगळं. आई, आमच्या टीममध्ये तुझ्यासारखं एक डोकं असतं ना, तर मला शनिवारी जावं लागलं नसतं.

नंदा : कौतुक पुरे. उद्या शेवट सांगायचाय आणि तो सातवा दिवा माझ्या गळ्यात अडकलाय. सहा दिवे निवानं पेटवले. सातवा कुणालाच पेटत नाही. का? तर ज्याच्या घरातला दिवा विझलाय, त्याच्याच हातानं तो पेटायचा. आता डोरेक जिवंत म्हणजे दिवा नाही, अंधार हटत नाही, पाचही भाग पाण्यात.

आम्रपाली : काय लिहिलंय ना पण! डोरेकला मारला तेव्हा त्या लेखिकेला मी आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. परवा कळलं, बाईनं पहिल्या पानापासून हे ठरवून ठेवलेलं.

नंदा : सोन्यासारखं लिहिलंय, माझ्या अंगावर काटा आला. पण द्वारकेच्या तोंडावर कसं सांगू? एकदा तिचं पोर गेलं, दुसऱ्यांदा मी मारू?

द्वारका : नंदे, हायस का घरात?

नंदा : अगं बाई, शंभर वर्षं आयुष्य तुला! ये, बस. चहा टाकते.

(नंदा आत जाते.)

द्वारका : पोरी, एक इचारू? डोरेक मेलाय न्हवं?

आम्रपाली : नाही हो मावशी, त्याचा पाय... उजवा...

द्वारका : डावा. खोटं बोलायला आईवर न्हाय गेलीस तू. काल मुद्दाम इचारलं, तवाच तुझं तोंड बघितलं.

आम्रपाली : तुम्हाला कसं...

द्वारका : योगेश कालेजातनं आणायचा ही पुस्तकं. तीन वाचली त्यानं. मी भाकरी थापायची, तो सांगायचा. डोरेक मेला त्या दिवशी भरल्या ताटावरनं उठला बघ. किती समजावलं, जेवला न्हाय.

आम्रपाली : म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला? मग रोज ऐकत का होतात?

द्वारका : बाण पायाला लागला म्हनली नंदा, तवाच वळखलं, हे माझ्यासाठी चाललंय. मग ऐकत ऱ्हायले. अर्धा तास का हुईना, पोरगं जित्तं असायचं. पर उद्या ती मला जपायला आनखी कायतरी रचंल. आन् माझा योगेश सारखं म्हनायचा, ‘आई, सातवा दिवा कोण पेटवतंय ते बघायचंय.’ बघायचं ऱ्हायलं त्याचं. त्याला खरं पायजे हुतं. तू पुस्तकात हाय तसं सांग.

नंदा : द्वारके, साखर किती... काय गं, रडतेस का?

द्वारका : चहा ऱ्हाऊ दे. हितं बस माझ्याजवळ. मला सगळं ठावं हाय, नंदे. दीड वर्ष सांभाळलंस त्याला, लई केलंस. आता जाऊ दे त्याला.

नंदा : मला वाटलं, तुला सोसायचं नाही.

द्वारका : न्हाईच सोसत. तरी ऐकायचंय.

आम्रपाली : वाचू, आई?

नंदा : वाच बाळा.

आम्रपाली : ‘निवा सातव्या दिव्यापाशी येऊन थांबली. ती म्हणाली, माझ्यात आता बळ नाही, माझा भाऊ गेला. पहारेकरी म्हणाला, म्हणून तर तुझीच वाट पाहत होतो. ज्यांच्या घरात सगळं शाबूत आहे, त्यांना हा दिवा दिसतसुद्धा नाही...’ मावशी, थांबू का?

द्वारका : पुढं. पेटला का?

आम्रपाली : पेटला, मावशी. पहिल्याच खेपेला.

द्वारका : तिनंच पेटवला?

आम्रपाली : तिनंच.

द्वारका : बरं झालं. नंदे, उद्या बायांना असंच सांग. डोरेक गेला म्हनून सांग. ती धनगर म्हातारी तेवढी काढू नगंस.